गोळी लागू पडत नव्हती, की उशिरा पोचत होती? सांगलीतील अर्धशिशीचं एक प्रकरण

"मॅडम, आधी ती ट्यूब बंद करा की."

माझ्या दवाखान्यात आत आल्यावर ताईंचं हे पहिलं वाक्य. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे जोरात. ताई तिथल्या एका अडत दुकानात शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीची बिलं, लिहितात. वय ३८, दोन मुलं, नवरा तासगाव तालुक्यातल्या गावी शेती बघतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. औषधं आणि त्यांच्या वेळा मात्र बदललेल्या नाहीत, कारण या प्रकरणात सगळं वेळेवरच येऊन थांबतं.

डोकं बारा वर्षांपासून उठायचं. आधी महिन्यातून एकदा, गेलं वर्षभर जवळजवळ दिवसाआड. उजव्या कानशिलात आणि डोळ्यामागे ठणके, जिना चढलं की दुप्पट, मग मळमळ, मग उलटी. उजेड नको, मुलांचा आवाज नको, पोती झटकताना उडणाऱ्या हळदीच्या धुळीचा वास तर अजिबात नको. एकदा सुरू झालं की दिवस गेलाच, कधी दोन दिवस.

घरचं निदान ठरलेलं होतं: पित्त. सासूबाईंचं म्हणणं, उलटी झाली की तिला बरं वाटतं, म्हणजे पित्तच. आपल्याकडे हे इतक्या घरांत म्हटलं जातं की त्यावर हसून चालणार नाही. उलटीनंतर उतार पडतो हे निरीक्षण खरंच आहे, फक्त कारण उलटं लावलं गेलंय. उलटी हा अर्धशिशीच्या झटक्याचाच एक भाग आहे, आणि कधीकधी ती झटका ओसरू लागतानाच होते. त्या आधी एका दवाखान्यात सायनस ठरला होता, कारण दुखताना नाक चोंदायचं आणि डोळ्याला पाणी यायचं. प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले. मग चष्म्याचा नंबर बदलला. मग सीटी स्कॅन, तोही नॉर्मल. नाक चोंदणं आणि डोळ्याला पाणी येणं अर्धशिशीतही होतं, कारण चेहऱ्याच्या संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस चेतली की त्या भागातल्या स्रावांच्या नसाही तिच्याबरोबर जाग्या होतात.

मी तपासलं. रक्तदाब १२४/८०, डोळ्याचा पडदा स्वच्छ, हातापायांची ताकद, तोल, बोलणं सगळं ठीक. अचानक वीज पडल्यासारखी डोकेदुखी, ताप, मान ताठणं, शुद्ध हरपणं, एका बाजूची कमजोरी, यातलं काहीही कधी नव्हतं. चार तास ते तीन दिवस टिकणारी, एका बाजूची, ठणकणारी, हालचालीने वाढणारी डोकेदुखी आणि सोबत मळमळ, उजेडाचा त्रास. निदानाला याहून जास्त काही लागत नाही. अर्धशिशीचं निदान यंत्रात सापडत नाही, ते विचारण्यात सापडतं.

मग मी पर्समधली औषधं मागितली. तीन प्रकारच्या स्ट्रिपा निघाल्या, सगळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या. दोन साध्या वेदनाशामकांच्या. तिसरीत अर्गोटामिन आणि कॅफीन होतं, आणि त्यातली एक गोळी त्यांनी त्याच सकाळी ९ वाजता घेतली होती.

इथे थोडं थांबते. अर्गोटामिन हे नाव ज्या अर्गटवरून आलं तो जत-आटपाडीकडच्या शेतकऱ्याला परका नाही. बाजरीच्या कणसावर आधी चिकटा सुटतो आणि मग दाण्याच्या जागी काळपट गाठी धरतात, तो अरगट. म्हणूनच पेरणीआधी बी २० टक्के मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारं काढून टाकायला सांगतात. युरोपातल्या राय धान्यावर या बुरशीची एक जातभाई येते. तिच्यातून आर्थर श्टोल यांनी १९१८ साली बासेलमध्ये अर्गोटामिन वेगळं काढलं. १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये ग्रॅहम आणि वुल्फ यांनी दाखवलं की ते दिल्यावर कानशिलातल्या धमनीची उसळी कमी होते आणि त्याबरोबर डोकेदुखीही. तेव्हापासून कित्येक दशकं अर्धशिशी म्हणजे फुगलेल्या रक्तवाहिन्यांचा आजार, असंच मानलं गेलं.

अर्गोटामिन सेरोटोनिन या निरोप नेणाऱ्या रसायनाच्या रिसेप्टरांवर (पेशीवरच्या ज्या जागी ते जाऊन लागतं त्या जागांवर) काम करतंच, पण ॲड्रेनलिन आणि डोपामिनच्याही रिसेप्टरांना जाऊन भिडतं. त्यामुळे मळमळ वाढते आणि रक्तवाहिन्या दीर्घकाळ आवळलेल्या राहतात. त्यावर लगेच ट्रिप्टान, म्हणजे अर्धशिशीचा झटका थांबवणाऱ्या नव्या गटातलं औषध, दिलं तर आवळण्यात आणखी भर पडते, म्हणून दोन्हींत २४ तासांचं अंतर ठेवावंच लागतं. मी त्या दिवशी ट्रिप्टान दिलं नाही. मळमळ थांबवणाऱ्या मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन देऊन मागच्या अंधाऱ्या खोलीत झोपवलं. दुपारी चारला उठून बसल्या. जाताना सुमाट्रिप्टान या ट्रिप्टानच्या ५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या लिहून दिल्या आणि म्हटलं, "आता डोकं दुखलं तर ही घ्यायची, ती जुनी नाही."

तीन आठवड्यांनी त्या आल्या. "मॅडम, ही गोळी मला लागू पडत नाही."

तीनदा घेतली, तीनदा वाया. असं ऐकलं की दुसरं औषध लिहिण्याचा मोह होतो. मी वेळा विचारल्या. ताई हिशेबातल्या, दुकानातल्या रोजकीर्दीसारखी एक वही त्यांनी आपणहून घातली होती. जमेच्या बाजूला दुखणं कधी आलं, नावे बाजूला कोणती गोळी कधी गेली. पहिला झटका सकाळी साडेदहाला सुरू, गोळी सव्वातीनला. दुसरा दुपारी एकला सुरू, गोळी रात्री आठला. तिसऱ्या वेळी चार तास थांबल्या होत्या. तीनही वेळा गोळीआधी किमान एक उलटी झालेली.

"इतका वेळ का थांबलात?"

"गोळी महाग आहे की. आधी सोसून बघायचं, नाहीच राहिलं तर घ्यायची, असंच करत आलोय आम्ही."

चूक माझी होती. "दुखलं तर घ्या" यातल्या "तर"चा अर्थ त्यांनी "असह्य झालं तर" असा घेतला, आणि आपल्याकडची कुठलीही सोशिक बाई तोच घेईल. मी आणखी एक प्रश्न विचारला: गोळी घेताना डोक्याला हात लावला तर काय व्हायचं? "हात कुठला लावताय, वेणी सोडवत नव्हती. टिकलीसुद्धा काढून टाकली. कानातलं जड वाटत होतं." या उत्तरात गोळी लागू न पडण्याचं अर्धं कारण होतं.

आता गोळी करते काय ते सांगायला हवं, कारण ते कळल्याशिवाय वेळेचं महत्त्व पटत नाही.

सेरोटोनिनचं नावच सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) आणि रक्तवाहिनीचा ताण (टोन) यांवरून पडलं. १९४८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी सीरममधून रक्तवाहिन्या आवळणारा एक पदार्थ वेगळा काढला, तो सेरोटोनिन. पुढे इटलीत सिकुतेरी यांना १९६१ साली अर्धशिशीच्या झटक्यात लघवीतून सेरोटोनिनचा विघटित अंश जास्त जाताना दिसला. १९६७ साली ऑस्ट्रेलियात लान्स यांच्या गटाला झटक्यात रक्तातलं सेरोटोनिन घटलेलं आढळलं. त्याच्याही आधी, १९६० साली, शिरेतून सेरोटोनिन दिल्यावर झटका शमतो हे दिसून आलं होतं. पण ते औषध म्हणून देता येईना, कारण सेरोटोनिन शरीरभर एकाच वेळी नाना कामं करतं. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, आणि त्याला प्रतिसाद देणारे रिसेप्टर सात कुळांतले, चौदा तरी प्रकारचे.

ताईंना कुणीतरी सांगितलं होतं की सेरोटोनिन कमी झालंय, रोज दोन केळी खा. केळ्यात सेरोटोनिन असतं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. प्रश्न सेरोटोनिन किती आहे एवढ्याचा नाहीच. ते कुठल्या रिसेप्टरला लागतं, हा आहे. उलटीसाठी देतात ते ओंडानसेट्रॉन सेरोटोनिनचा ५-एचटी३ हा रिसेप्टर बंद करतं (५-एचटी हे सेरोटोनिनचंच रासायनिक नाव). ट्रिप्टान ५-एचटी१बी आणि ५-एचटी१डी हे दोन चेतवतं. रसायन एकच, पण एका औषधाने एक वाट बंद होते आणि दुसऱ्याने दुसरीच उघडते.

पॅट्रिक हम्फ्री यांच्या गटाने ब्रिटनमधल्या ग्लॅक्सो कंपनीत १९७०च्या दशकापासून याच निवडीचा पाठपुरावा केला: डोक्याच्या रक्तवाहिन्यांवरचा रिसेप्टर चेतवायचा, बाकीच्यांना शक्यतो हात लावायचा नाही. १९८४ साली सुमाट्रिप्टान तयार झालं, १९९१ साली बाजारात आलं. रक्तवाहिन्या आवळण्यासाठी बनवलं आणि ते आवळतंही. पण ते झटका थांबवतं ते त्यामुळेच का, यावर नंतर चित्र बदललं.

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. ती कळते मेंदूच्या आवरणाला आणि त्यातल्या रक्तवाहिन्यांना, ट्रायजेमिनल नसेच्या टोकांमार्फत. ही टोकं चेतली की सीजीआरपी नावाचं छोटं प्रथिन सोडतात. रक्तवाहिन्या फुलतात, टोकं आणखी हळवी होतात, आणि नसेचं दुसरं टोक मेंदूच्या बुडाशी असलेल्या केंद्राला निरोप पाठवत राहतं. गोड्सबी आणि एडविन्सन यांनी १९९० साली झटका चालू असलेल्या रुग्णांच्या मानेतल्या शिरेत सीजीआरपी वाढलेलं दाखवलं, आणि १९९३ साली हेही दाखवलं की सुमाट्रिप्टानने डोकेदुखी थांबते तेव्हा ते खाली येतं. या दोघांना मॉस्कोविट्झ आणि ओलेसन यांच्यासह मेंदूसंशोधनासाठीचं २०२१ सालचं ब्रेन प्राइझ मिळालं.

म्हणजे ५-एचटी१बी मुख्यतः रक्तवाहिनीच्या भिंतीत, आणि ५-एचटी१डी नसेच्या टोकांवर. १डी चेतवला की ते टोक निरोपाची रसायनं सोडणं कमी करतं. १बीमुळे फुललेली वाहिनी आवळते. यातलं मुख्य काम कुठलं? मला नसेकडचं पारडं जड वाटतं. २०१३ साली कोपनहेगनमधल्या एमआरआय अभ्यासात झटक्याच्या वेळी कवटीबाहेरच्या धमन्या फुगलेल्या दिसल्याच नाहीत, कवटीच्या आतल्या थोड्याशाच. आणि २०१९ साली अमेरिकेत मंजूर झालेलं लास्मिडिटान हे औषध ५-एचटी१एफ रिसेप्टर चेतवतं, रक्तवाहिनी आवळत नाही, तरी झटका शमवतं.

हे सगळं मी ताईंना आणि त्या दिवशी सोबत आलेल्या त्यांच्या मिस्टरांना कागदावर चित्र काढून सांगत होते. ते इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मॅडम, हे दारं धरल्यासारखंच की. दारं वेळेत मोडलं तर पाणी वळतं. एकदा वाफा भरला की वरनं दारं बंद करून वाफा कोरडा होत नाही."

दारं म्हणजे पाटातून वाफ्यात पाणी सोडायची वाट, आणि ते मोडणं म्हणजे पाणी दुसरीकडे वळवणं. रात्रीच्या लाइटला मोटर चालू करून उसाला पाणी पाजणाऱ्या माणसाने हे म्हटलं, आणि याहून नेमकं मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. रामी बर्स्टीन यांच्या गटाने २००४ साली जे दाखवलं ते हेच आहे. ट्रिप्टान नसेकडून मेंदूच्या केंद्राकडे जाणारा निरोप तोडतं, म्हणजे पाण्याचं दारं मोडतं. पण केंद्रातल्या पेशी एकदा स्वतःच हळव्या झाल्या की त्या निरोपावर अवलंबून राहत नाहीत. मग कंगवा, वेणी, टिकली, कानातलं, जे एरवी दुखत नाही तेही दुखतं. वाफा भरल्याची खूण तीच. वेणी सोडवत नव्हती तेव्हा गोळी घेणं म्हणजे भरलेल्या वाफ्याचं दारं लावणं.

दुसरं अर्धं कारण पोटात होतं. झटक्यात जठराची हालचाल मंदावते, गोळी तिथेच पडून राहते, आणि उलटी झाली तर बाहेर जाते. तोंडाने घेतलेल्या सुमाट्रिप्टानपैकी जेमतेम १५ टक्के रक्तात पोचतं, तेही वाटेत अडकलं तर उरतं काय?

तिसऱ्या गोळीनंतर आणखी एक गोष्ट झाली होती, आणि ती त्यांनी उठता उठता सांगितली: गळा आणि छाती वीसेक मिनिटं आवळल्यासारखी वाटली. ट्रिप्टाननंतर हे अनेकांना होतं आणि बहुतेक वेळा हृदयाशी त्याचा संबंध नसतो. पण "बहुतेक वेळा" एवढ्यावर मी कुणाला घरी पाठवत नाही. हृदयाच्या धमन्यांवरही १बी रिसेप्टर थोडेफार असतात, म्हणूनच हृदयविकार, पक्षाघात झालेल्यांना किंवा ताब्यात नसलेल्या रक्तदाबात हे औषध द्यायचं नसतं. ईसीजी काढला, नॉर्मल. साखर, कोलेस्टेरॉल पाहिलं. मिश्री लावता का, हे स्पष्ट विचारलं, कारण तंबाखू खात नाही म्हणणारी बाई मिश्रीला तंबाखूत धरत नाही. सासूबाई लावतात, या नाही. गर्भनिरोधक गोळी नाही. मगच सुमाट्रिप्टान चालू ठेवायचं ठरवलं. ही गोळी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणायची नाही, ती याचसाठी.

वही नीट वाचल्यावर मात्र मोठी अडचण वेगळीच निघाली. फेब्रुवारीच्या आधीच्या महिन्यात, स्ट्रिपांवरून मोजलं तर, १८ दिवस कुठली ना कुठली वेदनाशामक गोळी गेली होती, आणि हे अनेक महिने चालू होतं. साध्या वेदनाशामकांचे महिन्याला १५ दिवस, अर्गोटामिन, मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टानचे १० दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. दिवसाआड उठणारं डोकं हे त्यांच्या जुन्या अर्धशिशीवर चढलेलं दुसरं दुखणं होतं. नुसतं ट्रिप्टान हातात दिलं असतं तर मी त्यात आणखी एका औषधाची भर घातली असती.

वेदनाशामकं बंद केली. पहिले नऊ-दहा दिवस फार वाईट गेले. त्या काळात त्यांनी दुकानातून चार सुट्ट्या घेतल्या, तेही सौद्यांच्या दिवसांत, आणि अडत्याने कुरकुर न करता दिल्या, याचं मला बरं वाटलं. प्रतिबंधासाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं, दम्याचा त्रास नाही याची खात्री करून, २० मिलिग्रॅम दोनदा आणि मग ४० मिलिग्रॅम दोनदा. प्रोप्रॅनोलॉलमुळे रिझाट्रिप्टान या दुसऱ्या ट्रिप्टानची रक्तातली पातळी वाढते, त्याचा डोस कमी करावा लागतो. सुमाट्रिप्टानला ती अडचण नाही, म्हणून तेच ठेवलं.

गोळीची सूचना या वेळी मी वहीवरच लिहिली: ठणका सुरू झाला आणि हा नेहमीचाच झटका आहे हे ओळखलं की अर्ध्या तासात डोम्पेरिडोन (मळमळीची गोळी) आणि सुमाट्रिप्टान सोबत. उतार पडून दुखणं परत आलं तर दोन तासांनंतर दुसरी गोळी चालेल. पहिलीचा काहीच उपयोग झाला नाही तर त्याच झटक्यात दुसरी घ्यायची नाही. आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. खाली मिस्टरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "वाफा भरायच्या आत."

वहीत आणखी दोन गोष्टी उठून दिसल्या. पाळीच्या आधीचे दोन दिवस, त्याचं कारण स्त्रीसंप्रेरकातली घट. आणि संकष्टी. सांगलीत गणपतीचं व्रत सोडा असं कुणाला सांगावं, आणि का सांगावं? पण चंद्रोदयापर्यंत पाण्याशिवाय काही नाही, असा उपवास त्या करायच्या, आणि संध्याकाळी डोकं उठायचं. सकाळी वरी-दाण्याची आमटी, दुपारी फळं आणि ताक, एवढ्यावर त्या राजी झाल्या. सासूबाईंनीच भगर शिजवायला घेतली.

एप्रिलच्या एका सकाळी त्यांनी दुकानातून फोन केला. अकरा वाजता कानशिलात सुरू झालं होतं, अकरा वीसला गोळ्या घेतल्या होत्या, आता पावणेएक वाजला होता. "मॅडम, दुखायचं थांबलंय. मान थोडी जड आहे, पण पट्ट्या लिहितेय." पाठीमागे सौद्याचा गलका ऐकू येत होता. एवढ्या आवाजात त्या बोलत होत्या, हेच मला पुरेसं होतं.

मेअखेर हिशेब असा: डोकेदुखीचे दिवस जवळजवळ दिवसाआडवरून महिन्याला ५ वर. नव्या सूचनेनंतर वहीत नोंदलेले झटके सात, त्यातले पाच दोन तासांत थांबले. उरलेले दोन एकाच जातीचे होते. पहाटे चारला जाग आली तेव्हा झटका झोपेतच पुढे गेलेला, डोकं उशीला टेकवत नव्हतं, मळमळ सुरू झालेली. गोळी लगेच घेतली, पण ती लगेच नव्हतीच.

अशा झटक्यांसाठी पोटावर सर्वस्वी अवलंबून नसलेली वाट हवी. त्वचेखालचं ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन सर्वांत जलद, पण ताईंना सुईची भीती वाटते आणि पहाटे चारला स्वतःला टोचायला मी त्यांना भाग पाडणार नाही. २० मिलिग्रॅमचा नाकातला स्प्रे ठरला. सांगलीत ज्या दोन मेडिकलमध्ये विचारलं तिथे मिळाला नाही, मिरजेहून मागवला. तो आता त्यांच्या उशाशी असतो. वहीच्या नावे बाजूला त्यांनी त्याच्यासाठी पट्टीने एक नवा रकाना आखलाय. परवा दाखवायला आणली तेव्हा तो कोरा होता.